घर कोणाला, हे लिहून ठेवले आहे का?



संस्थेच्या कामाला हातभार लावणारी वडीलधारी माणसे भेटली, की एक वाक्य नेहमी कानी पडते, "माझ्यामागे हे सगळे वसतिगृहातल्या लेकरांनाच जायचे आहे." ऐकून मन भरून येते. पण पुढे विचारावे की हे कुठे लिहून ठेवले आहे का, तर उत्तर ठरलेले, "त्यात लिहायचे काय? सगळ्यांना माहीत आहे."

आमच्या एका मावशींनीही हेच उत्तर दिले होते. त्या निवृत्त परिचारिका, अविवाहित. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरून तिसरीत शिकायला आलेली एक मुलगी सुट्टीत त्यांच्याकडे राहू लागली आणि पुढे त्यांचीच झाली. तिचे शिक्षण, आजारपण, पहिली नोकरी, सगळे मावशींनी केले; आणि मावशींची शेवटची अकरा वर्षे तिने केली. प्रार्थना सभेत मावशी उघड सांगत, "फ्लॅट हिचा, आणि बँकेतले पैसे निम्मे हिला, निम्मे वसतिगृहाला." शंभर माणसांनी ते ऐकले होते. मावशी प्रभूच्या घरी गेल्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या आत मुंबईहून दोन पुतणे आले. माणसे वाईट नव्हती. त्यांनी वकिलाला विचारले, वकिलाने त्यांना खरे तेच सांगितले. फ्लॅट पुतण्यांचा झाला. बँकेत नॉमिनी म्हणून मुलीचे नाव होते, म्हणून बँकेने पैसे तिला दिले; पण महिन्याभरात तिला नोटीस आली आणि ते पैसे तिला परत करावे लागले. तिच्याकडे मावशींचे शिलाई यंत्र राहिले, तेही पुतण्यांनी "ताई, हे तू ठेव" म्हटले म्हणून.

कायद्याने यात काही चुकीचे घडले नाही. म्हणूनच हा लेख.

"तोंडी सांगितले, साक्षीदार आहेत, तरी चालत नाही?"

नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाच्या वारशाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. त्यात तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे, पण ती युद्धावर असलेल्या सैनिकाला, हवाई दलाच्या जवानाला आणि समुद्रावर असलेल्या खलाशाला. तुमच्याआमच्यासाठी मृत्युपत्र म्हणजे लिहिलेला, सही केलेला आणि दोन साक्षीदारांनी सही केलेला कागद. मंडळीसमोर सांगणे, पाळकांच्या कानात सांगणे, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणे, यांतले काहीही त्याची जागा घेत नाही.

आणि कागद नसेल तर वाटणी कायदा करतो. त्याची वाटणी कशी असते ते पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नवरा गेला आणि मागे बायको व मुले असतील, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. बायको गेली तर नवऱ्यालाही तेच प्रमाण. मुलगा-मुलगी असा भेद नाही, लग्न झालेली मुलगीही बरोबरीची. तीन मुले असतील तर आईला नवांतले तीन भाग आणि प्रत्येक मुलाला दोन. राहत्या घराचेही असेच भाग पडतात. म्हणजे म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरचे छप्पर तीन मुलांच्या सहीवर अवलंबून राहते. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना मिळतो. त्याच्या विधवेला त्यातून काही मिळत नाही. मूलबाळ नसलेली विधवा सून सासऱ्याच्या मालमत्तेत कुठेच येत नाही, मग तिने त्यांची वीस वर्षे सेवा केलेली असो.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक दचकतात. मुले असलेला माणूस वारला तर त्याच्या आईवडिलांना वाटा नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे. आपल्या कायद्यात, मुले हयात असताना, ती नाही. घरात म्हातारी आई असेल आणि तुम्ही तिचा एकमेव आधार असाल, तर तिच्यासाठी काय, हे तुम्हीच लिहायला हवे.

मूलबाळ नसेल आणि आईवडीलही नसतील, तर भाऊबहिणी, आणि वारलेल्या भावाबहिणीची मुले. मावशींचा फ्लॅट पुतण्यांकडे गेला तो याच नियमाने.

"पण ती मुलगी तर त्यांचीच होती"

आपल्या कामाशी जोडलेल्या घरांत हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त येतो, आणि त्यावर आपण सर्वांत कमी बोलतो. दुर्गम पाड्यांवरची मुले शिक्षणासाठी कुणाच्या तरी घरी राहिली, तिथेच वाढली, आई-बाबा म्हणू लागली, अशी उदाहरणे तुमच्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. प्रेमाने ती मुले तुमची आहेत. वारसा कायद्याने ती परकी आहेत.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पालक म्हणून नाव असणे, शाळेत नाव लावणे, आधार कार्डावर पत्ता असणे, याने वारसा मिळत नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली कोर्टातून पालकत्व घेतले असेल तरी ते मूल सज्ञान होताच संपते आणि त्याने वारसहक्क येत नाही. कायदेशीर दत्तक घेण्याचा मार्ग ख्रिस्ती कुटुंबाला आज खुला आहे. बाल न्याय अधिनियमाखाली रीतसर दत्तक घेतलेले मूल पोटच्या मुलासारखे वारस होते. परंतु मूल अठरा वर्षांचे झाल्यावर ते दार बंद. वाढलेल्या, कमावत्या मुलीसाठी मग एकच साधन उरते, ते मृत्युपत्र. त्यात तिचे पूर्ण नाव लिहावे, "मी लहानपणापासून सांभाळलेली" असे नातेही लिहावे, आणि पुतण्यांना का दिले नाही याचे एक वाक्य टाकावे. कारण देण्याची सक्ती नाही, पण पुढे कोणी कोर्टात गेले तर ते एक वाक्य फार उपयोगी पडते.

"मग नॉमिनी कशाला असतो?"

बँकेला पैसे कुणाच्या हाती द्यायचे हे कळावे म्हणून. नॉमिनी घेतो तो वारसांच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये, बँकेतील ठेवींबाबत २०१० मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. सोसायटीतल्या फ्लॅटचेही तेच. सोसायटी नॉमिनीच्या नावावर नोंद करील, पण मालकी वारसाची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याची. विम्याला २०१५ पासून एक अपवाद झाला. आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांना नॉमिनी केले असेल तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. बाकी ठिकाणी नॉमिनीचे नाव आणि मृत्युपत्रातले नाव एकच ठेवा, म्हणजे दोघांत भांडण लागणार नाही.

"ख्रिस्ती माणसाला धर्मादायाला मालमत्ता देता येत नाही, असे ऐकले होते"

बरोबर ऐकले होते, पण ते जुने झाले. आमच्याकडे आजही सत्तरी ओलांडलेले सभासद हा प्रश्न घेऊन येतात, आणि काही वकीलसुद्धा अजून तेच सांगतात.

१९२५ च्या अधिनियमात कलम ११८ होते. ज्याला पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्यांहून जवळचा नातेवाईक आहे, त्याने धार्मिक किंवा धर्मादाय कामाला मालमत्ता द्यायची तर मृत्युपत्र मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेले हवे आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित ठिकाणी जमा केलेले हवे. नाहीतर ते दान रद्द. मृत्युपत्र करून अकराव्या महिन्यात माणूस गेला की संस्थेला मिळायचे ते नातेवाइकांना जायचे. हिंदू, मुसलमान यांना असले बंधन नव्हते. केरळातले फादर जॉन वल्लमट्टम यांनी याला आव्हान दिले आणि २१ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केले. तेव्हापासून ख्रिस्ती माणूस आपली मालमत्ता इतर कोणाही नागरिकाप्रमाणे धर्मादायाला देऊ शकतो. मृत्युपत्र काल केले आणि आज माणूस गेला तरी ते चालते.

कलम गेले ते योग्यच झाले. तरीही ज्या भीतीपोटी ते आले होते ती भीती अगदीच खोटी नव्हती असे मला वाटते. मरणाच्या अंथरुणावरच्या माणसाकडून धर्माच्या नावाने लिहून घेण्याचे प्रकार इंग्लंडमध्ये झाले होते, आणि तिथूनच हा संशय आपल्या कायद्यात आला. आजही दबाव टाकून, फसवून किंवा सतत मागे लागून करवून घेतलेले मृत्युपत्र कायद्याने रद्दच ठरते. ज्याला लाभ मिळणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते. १९५८ पासून सर्वोच्च न्यायालयाची ही भूमिका आहे. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे आहे, की संस्थेला काही मिळणार असेल तर मृत्युपत्राचा मसुदा तुम्ही लिहायचा नाही, टायपिंगला तुम्ही न्यायचे नाही, साक्षीला उभे राहायचे नाही आणि सही होताना त्या खोलीत थांबायचे नाही. देणाऱ्याने स्वतःचा वकील स्वतः निवडावा. दवाखान्यात दाखल असलेल्या माणसाजवळ तर हा विषयच काढू नये.

साक्षीदार, सही आणि दोन खड्डे

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शुद्धीवर असलेल्या कोणालाही मृत्युपत्र करता येते. अंध, मूकबधिर व्यक्तीलाही, आपण काय करतो आहोत हे समजत असेल तर. स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिले तरी चालते. तारीख घाला, प्रत्येक पानावर सही करा. लिहिता येत नसेल तर अंगठा. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझीच" असे तुम्ही त्यांना सांगितलेले असावे. आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. मृत्युपत्रात काय लिहिले आहे ते त्यांनी वाचण्याची गरज नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा. ऐंशी वर्षांच्या आजोबांनी आपल्या ऐंशी वर्षांच्या दोन मित्रांना साक्षीला घेतले तर वेळेवर उभे राहायला कोण उरणार?

ज्यांची बोली भिली, पावरी किंवा मावची आहे अशा वडिलांचे मृत्युपत्र मराठीत लिहिले जाते. ते त्यांना त्यांच्या बोलीत वाचून, समजावून सांगितल्याचे खाली लिहावे आणि ज्याने समजावले त्याने तिथे सही करावी.

आता दोन खड्डे. ख्रिस्ती वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण शेजारच्या हिंदू मित्राचा सल्ला इथे लागू पडत नाही. पहिला म्हणजे साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला, पत्नीला मृत्युपत्रात काही दिले असेल तर तेवढे देणे रद्द होते. मृत्युपत्र टिकते, पण त्या माणसाचा हिस्सा जातो. मुलीला घर दिले आणि जावयाने साक्षीदार म्हणून सही केली, तर मुलीचे घर गेले. दुसरा म्हणजे लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर गृहस्थाने मुलांच्या नावे सगळे लिहून ठेवले आणि साठाव्या वर्षी पुन्हा लग्न केले, तर त्या दिवसापासून ते मृत्युपत्र नाही. नव्याने करावे लागते. लग्न ठरलेल्या तरुणांनाही हेच.

नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी करून घ्यावी असे मी सुचवीन. त्याला मुदत नाही, केव्हाही करता येते. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. वय झाले असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, विशेषतः लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर. ते उघडण्यासाठीच वारस कोण हा प्रश्न येईल आणि त्याचे उत्तर आत कुलपात असेल.

मन बदलले तर हयातीत कितीही वेळा मृत्युपत्र बदलता येते. शेवटचे ते खरे. ख्रिस्ती मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मोहोर, घेण्याची सक्ती २००२ च्या दुरुस्तीने उठली. वाद असेल तर मात्र ते घेतलेले बरे. आणि वारशावर कर लागेल ही भीती नको. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच बंद झाली.

बक्षीसपत्र करून टाकू का?

घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदवले की त्या क्षणी मालमत्ता तुमची राहत नाही. मृत्युपत्राचे तसे नसते, तुम्ही असेपर्यंत सगळे तुमचे. मुलांच्या नावावर घर करून दिले आणि पुढे स्वयंपाकघरातल्या एका खाटेवर आयुष्य काढले, अशी माणसे मंडळीत आहेत. द्यायचेच असेल तर "माझा सांभाळ करील या अटीवर" हे शब्द त्यात घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट लिहिली नसेल तर ती होती हे सिद्ध करत बसावे लागते. राहते घर आम्हालाही हयातीत देऊ नका. असे कागद घेऊन आलेल्या दोन वृद्ध सभासदांना आम्ही परत पाठवले आहे.

शेतजमिनीचे वेगळे आहे

"माझी दोन एकर संस्थेला" असे लिहिण्याआधी थांबा. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, नाशिक आणि खानदेश या भागांत लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने शेतजमीन शेतकरी नसलेल्याला देता येत नाही, आणि धर्मादाय संस्था शेतकरी नसते. मृत्युपत्राने दिली तर चालते अशी समजूत होती. त्याच कायद्याखालच्या गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती समजूत खोडून काढली. त्यापेक्षा मृत्युपत्रात असे लिहावे, की एक्झिक्युटरने म्हणजे अंमलबजावणी करणाऱ्याने ही जमीन शेतकरी व्यक्तीस विकावी आणि येणारी रक्कम अमुक संस्थेस द्यावी. मराठवाडा आणि विदर्भासाठी कुळकायदे वेगळे आहेत, तेथील वकिलाला विचारा.

आदिवासी बंधुभगिनींच्या जमिनीबाबत मला स्पष्ट बोलायचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३६-अ सांगते, की आदिवासीची जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय बिगर आदिवासीकडे विक्रीने, बक्षिसाने, अदलाबदलीने किंवा अन्य कोणत्याही रीतीने जाऊ शकत नाही. आपली संस्था कितीही आदिवासींसाठी काम करीत असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती आदिवासी नव्हे. पाड्यावरच्या एखाद्या कुटुंबाने आनंदाने प्रार्थनाघरासाठी पाच गुंठे देऊ केले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतले, तर तो कागद कामाचा नाही, आणि उद्या त्या कुटुंबाच्या नातवाने जमीन मागितली तर ती त्याचीच. ही अडचण नव्हे, हे संरक्षण आहे. ज्या माणसांच्या जमिनी सावकारांनी आणि बाहेरच्यांनी अशाच अंगठ्यांवर नेल्या, त्यांच्यासाठी हा कायदा झाला. चांगल्या हेतूने पळवाट काढणाराही पळवाटच काढत असतो.

वनहक्क दाव्यात मिळालेली जमीन तर विकताही येत नाही आणि देताही येत नाही. ती फक्त वारशाने जाते. २००६ च्या कायद्याने विवाहितांच्या बाबतीत ती पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवलेली असते. नवरा गेल्यावर दीर "तुझे काय आहे इथे" म्हणू लागला, तर आपल्या कार्यकर्त्यांनी त्या बहिणीला तिच्या घरातलेच वनहक्क प्रमाणपत्र काढून तिचे नाव बोट ठेवून दाखवावे. गेल्या काही वर्षांत एवढ्यावरच मिटलेली भांडणे मी पाहिली आहेत.

संस्थेला द्यायचे तर कसे लिहावे

"देवाच्या कार्यासाठी", "सत्कर्मासाठी" असे मोघम लिहू नका. एका गृहस्थांनी मृत्युपत्रात "धर्मासाठी" असे मोघम दान लिहिले होते. ते मुंबईकडचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९९ मध्ये शब्द अनिश्चित म्हणून ते दान रद्द झाले. संस्थेचे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. आपण बोलताना वापरतो ते नाव नव्हे. "वसतिगृह" नावाची कोणी कायदेशीर व्यक्ती नाही. हेतू लिहा, पण फार आवळून नको. "मुलींच्या वसतिगृहातील नववी-दहावीच्या वह्यांसाठी" असे लिहिले आणि वीस वर्षांनी वह्या सरकार देऊ लागले तर? "आदिवासी मुलींच्या शिक्षणासाठी" एवढे पुरे.

फ्लॅट द्यायचा असेल तर तो संस्थेने ठेवावा की विकावा, तेही सांगा. एकदा स्थावर मालमत्ता सार्वजनिक न्यासाची झाली की ती विकायला १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. ते योग्यच आहे, पण वेळ लागतो आणि तोवर रिकाम्या फ्लॅटची देखभाल भरावी लागते. विकून पैसेच द्यायचे असतील तर ते काम एक्झिक्युटरवर सोपवलेले सुटसुटीत.

स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या नावाने नवा ट्रस्ट काढावा का, असे पुष्कळ जण विचारतात. मृत्युपत्राने सार्वजनिक ट्रस्ट निर्माण करता येतो. एक्झिक्युटरने मृत्यूपासून सहा महिन्यांत, किंवा प्रोबेट मिळाल्यापासून एक महिन्यात, यांत जे आधी येईल तोवर नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. पुढे दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि हे सगळे मनापासून पाहणारी तीन-चार माणसे लागतात. एका फ्लॅटच्या भाड्यासाठी हा व्याप मी कोणालाही सुचवत नाही. चालू संस्थेत आईवडिलांच्या नावाने कायम निधी ठेवा, व्याजच खर्च करावे असे लिहा. खासगी ट्रस्टची खरी गरज एका ठिकाणी मला दिसते, मतिमंद किंवा बहुविकलांग मूल मागे राहणार असेल तेव्हा. १८८२ च्या कायद्याखाली असा ट्रस्ट करून, भावंडांपैकी एक आणि बाहेरचा एक असे विश्वस्त नेमावेत. तिथे आधी त्या लेकराचे पाहा, संस्थेचे नंतर.

परदेशात स्थायिक झालेल्या मुलांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ पैसे पाठवायचे ठरवले, तर आधी त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची देणगी परकीय ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय देणगी. ती फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातूनच घेता येते.

मूळचे गोव्याचे असलेल्या कुटुंबांना यातले बरेचसे लागू नाही. तिथे मुले किंवा आईवडील असताना निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते. त्यांनी गोव्याच्याच वकिलाला भेटावे. आपल्या हिंदू आणि मुसलमान हितचिंतकांचे वारसा कायदेही वेगळे आहेत.

वकिलाकडे जाताना मालमत्तेचा कागद, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, सातबारा, बँक पासबुकांच्या आणि विमा पॉलिसीच्या प्रती, आणि ज्यांना द्यायचे त्यांची आधारप्रमाणे पूर्ण नावे बरोबर न्या. मावशींच्या त्या मुलीने मागच्या वर्षी स्वतःचे मृत्युपत्र केले. तिचे वय चौतीस आहे, नावावर आहे ते एक लहानसे बचत खाते आणि ते शिलाई यंत्र.